दोन घरांचं विरजण

कहूघाटात सकाळच्या वेळी कुणी मोकळ्या हातांनी रस्त्याने जाताना दिसत नसे. प्रत्येकाच्या हातात झाकण घातलेली वाटी, आणि वाटीत चमचाभर दही. ह्या घरचं त्या घरी, त्या घरचं ह्या घरी. वैनगंगेकाठच्या त्या गावात हा रिवाज चांगला रुळला होता, आणि तो पडल्यापासून हृदयविकाराचा झटका म्हणजे काय हे नव्या पोरांना समजावून सांगावं लागे.

दही साधं नव्हतं. नदीकाठी अर्जुनाची झाडं दाट. पूर्व विदर्भाच्या ह्या झाडीपट्टीतले लोक त्यांना कहू म्हणतात. कहूची साल दुधात उकळून केलेला काढा वैद्य पिढ्यान्‌पिढ्या हृदयासाठी देत आले होते. पण सालीतलं जे द्रव्य कामाचं, ते बहुतेकांच्या पोटातून तसंच निघून जाई. पुढे एका प्रयोगशाळेत दह्याचा असा जंतू तयार झाला, जो ह्या द्रव्याचे बारीक तुकडे करून ते रक्तात उतरवी. मग ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांपर्यंत पोचे, त्यांचं आतलं अस्तर मऊ ठेवी, आणि चरबीला तिथे ठाण मांडू देत नसे. शास्त्रज्ञांनी ह्या दह्याला ‘हृद्दधी’ असं भारदस्त नाव दिलं. गावाने ते कधी उच्चारलं नाही. गाव कहूचं दही म्हणे आणि भातावर घेई.

प्रमिला लांजेवारही ते रोज खात. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर त्यांनी वीस हंगाम गाजवले होते. आता त्या नदीकडच्या शेवटच्या घरात एकट्या राहत आणि मुलींना गाणं शिकवत. त्या दिवशी आलाप घेताना त्यांचा श्वास अर्ध्यात तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच तुटला. मनगटावरच्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं. रोहिणीपट्टी म्हणत तिला. नाडीच्या लाटेवरून रोहिण्या किती लवचीक आहेत हे ती ओळखी आणि तसा रंग बदली. हिरवी असायला हवी होती, ती केशरी झाली होती.

दुपारी हृद्दधी केंद्राची डॉक्टर रेवती खोब्रागडे आली. वय पस्तिशीचं, बोलणं घाईचं. तिने स्वयंपाकघरातलं दही काचपट्टीवर घेतलं, छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि ती म्हणाली, “मावशी, हे नुसतं दही आहे. ह्यातले आपले जंतू जवळजवळ संपलेत.”

“मी तर रोज लावते. एक दिवस चुकवला नाही.”

“तुमचं काही चुकलं नाही. जंतूंनाही शत्रू असतात. जंतुभक्ष म्हणतात त्यांना, जंतूंना खाणारे विषाणू. प्रत्येक घरात ते वेगळे. जंतू एखाद्या हल्ल्यातून वाचला, की त्या शत्रूची खूण स्वतःत जपून ठेवतो. पुढच्या वेळी ओळखतो आणि मारतो. म्हणजे विरजणाला आठवण असते म्हणा ना. पण एकाच घरात राहिलेल्या विरजणाला तेवढ्याच घरातल्या आठवणी. नवा शत्रू आला की ते आडवं होतं. म्हणून वाट्या फिरवायच्या. तुमची वाटी शेवटची कुणाकडे गेली होती?”

प्रमिलाबाईंनी आठवून पाहिलं. शेजारची सखू मुलीकडे राहायला गेली, त्यानंतर कुणाकडेच नाही.

“मग केंद्रातलं नवं दे.”

“ते इथे आठवडाभरही टिकणार नाही. त्याला कहूघाटातलं काहीच आठवत नाही.” रेवतीने सामान आवरलं. “गोळ्या मी लिहून देते, त्या घ्यायच्याच. नागपूरला रोहिणीत जाळीही बसवता येईल. पण जाळी एका जागी बसते, आणि तुमच्या रोहिण्या सगळीकडूनच कडक व्हायला लागल्यात. गल्लीतल्या प्रत्येक घरचं विरजण तपासते. तुमच्या घरातला शत्रू कुणाला तरी ओळखता येत असेल.”

तपासणीचा निकाल घेऊन ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. “सापडलं मावशी. एकच घर आहे. समोरच्या हिरामण भुऱ्यांचं.”

प्रमिलाबाई उठल्या आणि उगाचच चुलीवरचं दूध ढवळू लागल्या. “दुसरं बघ,” त्या म्हणाल्या.

हिरामण भुरे म्हणजे झाडीपट्टीतला नावाजलेला खलनायक. दोघांनी एकाच मंडळीत कामं केली होती. एका नाटकात तिसऱ्या अंकाच्या शेवटी हिरामणने मरायचं, आणि त्याची बायको झालेल्या प्रमिलाबाईंनी प्रेतावर पडून विलाप गायचा. तो विलाप ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून येत. पण साकोलीच्या प्रयोगाला हिरामणच्या संवादांवर टाळ्यांचा असा पाऊस पडला, की त्याला मरवेना. तलवार लागली तरी तो उठला, बोलला, एक गाणं म्हटलं, पुन्हा पडला, पुन्हा उठला. उजाडलं. लोक धारा काढायला घरी निघून गेले. विलाप राहून गेला. त्या दिवसापासून प्रमिलाबाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि दोघांची दारं समोरासमोर होती.

“एवढ्याशा गोष्टीसाठी?” रेवतीने विचारलं.

“तुला नाटकातलं कळत नाही बाई,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

पण पुढच्या आठवड्यात शिकवणीतल्या मुलीला गाण्यातली एक जागा समजावताना त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मुलगी गेली. त्यांनी तोंड धुतलं, पदर नीट केला, आपल्या निकामी दह्याची वाटी उचलली आणि रस्ता ओलांडला.

हिरामण अंगणात खाटेवर बसून तांदूळ निवडत होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, डोळे तसेच टपोरे. वाटी बघून तो उभा राहिला.

“डॉक्टरीणबाईनं सांगितलं मले,” तो म्हणाला. “मी रोज वाट पाहून राहिलो. म्हटलं, आपण होऊन गेलो तं तुम्ही दार लावून घ्याल.”

“घेतलंच असतं.”

“बसा.”

“उभीच बरी हाय.”

रेवती हिरामणच्या विरजणाची तपासणी करायला आधीच येऊन ओसरीवर बसली होती. तिने दोघांकडे पाहून घसा साफ केला. “एक गोष्ट आधी सांगायला हवी. मावशींच्या विरजणात मूठभर जंतू वाचलेत. त्यांच्याकडे आणखी एका शत्रूची खूण आहे, जी काकांच्या विरजणात नाही, आणि तो शत्रू आता गल्लीत फिरतोय. काका, उद्या तो तुमच्या घरी येईल. तेव्हा तुम्हालाही ह्यांचं लागणार. दोन्ही एकत्र केलं की फार दणकट विरजण होईल. पण मग ते दोन्ही घरांत फिरतं राहायला हवं. दर आठवड्याला अदलाबदल, कायमची. एकाने थांबवलं की दोघांचंही मरेल.”

हिरामणच्या हातातलं सूप थांबलं. त्याचा मुलगा सुरतेला होता. दिवाळीनंतर बापाला कायमचं घेऊन जाणार होता. खोली रंगवून झाली होती. हे प्रमिलाबाईंना अख्ख्या गल्लीसारखं माहीत होतं.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पोराकडे जा. मी नागपूरला जाऊन जाळी बसवून घेते.”

हिरामणने सूप खाली ठेवलं. मग घरात गेला आणि आपली वाटी घेऊन आला. “सुरतेत मले ओळखते कोण?” तो म्हणाला. “पोरगा कामावर जाईल, सून कामावर जाईल. मी खिडकीत बसून कोणाशी भांडू? इथं निदान तुम्ही हाव.” आणि त्याने स्वतःच्या हाताने दोन्ही दही एकत्र फेटलं.

“पोराला काय सांगाल?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“सांगीन, डॉक्टरीणबाईनं अडकवलं.”

नवं विरजण पहिल्यांदा लावलं तेव्हाच असं घट्ट लागलं, की वाटी उपडी केली तरी हलेना. दर बुधवारी रस्ता ओलांडणं सुरू झालं. सुरुवातीला वाटी देऊन दोघं मुकाट्याने परत फिरत. मग दही जरा आंबट झालं म्हणून वाद झाला. मग कोणत्या प्रयोगाला पेटी कोण वाजवत होतं ह्यावर वाद झाला, आणि तो मिटवायला चहा करावा लागला. दोन महिन्यांनी प्रमिलाबाईंची पट्टी पोपटी झाली, मग हिरवीगार. सकाळचा आलाप नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाऊ लागला.

एका बुधवारी हिरामण वाटी न घेताच आला. प्रमिलाबाई अंगणात मुलींना शिकवत होत्या. तो मुलींच्या मधून चालत आला, छातीवर हात दाबला, डोळे फिरवले आणि धाडकन जमिनीवर आडवा झाला. मुली किंचाळल्या. प्रमिलाबाई धावत पुढे झाल्या. तेवढ्यात प्रेताने एक डोळा उघडला.

“मेलो,” ते म्हणालं. “यावेळी उठत नाही. गा.”

प्रमिलाबाई केस मोकळे सोडून गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी विलाप धरला. जिथे श्वास तुटायचा तिथे तुटला नाही. पुढे गेला, वर गेला, तिथेच थांबून थरथरला आणि सावकाश खाली उतरला. हातातल्या वाट्या घेऊन गल्ली कुंपणाशी गोळा झाली. ज्यांनी तो ऐकण्यासाठी बैलगाडीतून मैलोगणती प्रवास केला होता, ती म्हातारी माणसं डोळे पुसत होती आणि हसतही होती. शेवटचा सूर संपला तशा टाळ्या सुरू झाल्या. सर्वांत मोठ्याने प्रेत टाळ्या वाजवत होतं.

गर्दीत रेवतीही होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि तिची बाही मागे सरकली होती. प्रमिलाबाईंनी तिचं मनगट धरलं. पट्टी पिवळी होती, कडेला केशरी.

“तू कोणतं दही खातेस गं?”

“केंद्रातलं. डब्यातलं.”

“आणि तुझी वाटी कोणाकडे जाते?”

रेवती हसली. मग हसू ओसरलं. “माझी दर दोन वर्षांनी बदली होते मावशी. कुणाशी फिरवणार? ज्या गावात लावीन, तिथल्या आठवणी घेऊन ते वाढेल. मग मला ते गाव सोडता येणार नाही. मी हे सगळ्यांना सांगते. मला सांगणारं कुणी नव्हतं.”

प्रमिलाबाई आत गेल्या आणि वाटी भरून घेऊन आल्या. आग्रह केला नाही, नुसती पुढे धरली. हिरामण अंगावरची माती झटकत उभा होता. रेवतीने वाटीकडे पाहिलं, फाटकाबाहेरच्या केंद्राच्या गाडीकडे पाहिलं, आणि वाटी घेतली.

“बुधवारी कितीला येऊ?” तिने विचारलं.

“चहाच्या वेळी,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

गाडी गेली. त्यांना फार दिवसांनी इतका आनंद झाला होता. दह्याचं रिकामं भांडं घासायला त्या बसल्या आणि हात मध्येच थांबला. तीन माणसांच्या रोहिण्या आता ह्या भांड्यावर चालणार होत्या. आता कुणावर रुसून दार लावून घ्यायची सोय राहिली नव्हती.