मनिरामच्या होल्स्टरचं वजन

कुडव्यात माझं बॅगा-चपला दुरुस्तीचं दुकान आहे. पण नागपूरचे जुन्या वस्तूंचे व्यापारी रिव्हॉल्व्हरचं चामडी होल्स्टर घेण्याआधी मला आणून दाखवतात. हे मला कुणी शिकवलं नाही. चहात बुडवून ‘इंग्रजांच्या काळातलं’ केलेलं नवं चामडं मी वासावरून ओळखते. नवरा म्हणतो, भाजी जळल्याचा वास मात्र हिला येत नाही. खरं आहे.

चैत्रात मुर्रीच्या सुशिलाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. पदराखालून त्यांनी एक होल्स्टर काढलं.

“माह्या सासऱ्याचं, मनिरामचं. मालगुजाराकडे राखनदार होते. एक दिवस मालकाची बंदूक बी गेली अन् ते बी गेले. हे म्यान तेवढं वावराच्या धुऱ्यावर सापडलं. साठ वर्षं झाले, लोक मले चोराची सून म्हनून राहिले. तू सांग, चोर होते का?”

“चामडं एवढं सांगेल का, मावशी?”

“तुले वाचता येते म्हनते गाव. मंग वाच.”

मी आधी वजन केलं.

“काऊन मोजून राहिली? भाजी हाय का?”

“परत देताना तेवढंच भरलं पाहिजे. उद्या म्हणाल, बदललं.”

तीनशे वीस ग्रॅम. पावतीवर लिहिलं.

त्यांची सासू रुख्माबाई दर दसऱ्याला त्याला जवसाचं तेल चोळून कुंकू लावायची. आपल्याकडची नेहमीची चूक. ते तेल वाळलं की चामड्याचा पापड होतो. हेही तसंच, कडक आणि चपटं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर ते फुगलेलं. नळीची रेघ, चक्राचा उंचवटा, सगळं बाहेरून दिसत होतं. आत बोट घातलं. रिकामं. पण गार, आणि बोटाला ताज्या मशीन तेलाचा वास.

वजन केलं. एक किलो एकशे ऐंशी.

आठशे साठ ग्रॅम जास्त, रिव्हॉल्व्हर भरेल तेवढं. काटा बिघडला असेल म्हणून मिठाचा पुडा ठेवला. बरोबर एक किलो.

घाबरणं दुपारवर टाकलं आणि भिंग घेतलं. झाकणाचा पट्टा उपटलेला, शिवणीची भोकं मागच्या बाजूला ताणलेली. ज्याच्या कमरेला आहे तो बटण काढतो. पट्टा उपटतो तो मागे उभा असलेला. आणि त्या फाटक्या भोकांत तेलाचा अगदी तळचा, काळा थर. म्हणजे पहिल्या दसऱ्याआधीच ते फाटलेलं होतं. रुख्माबाईच्या चुकीनंच पुरावा राखला होता. एवढं वाचणारं माणूस जिल्ह्यात दुसरं नाही. मीच म्हणते; दुसरं कोण म्हणणार?

संध्याकाळी सुशिलाबाई आल्या.

“मावशी, त्यांनी बंदूक चोरली नाही. कुणीतरी मागून हिसकावली.”

त्यांनी पावतीपुस्तक माझ्याकडे सरकवलं.

“लिहून दे.”

लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यांनी कागद कपाळाला लावला. “आता दाखवतो मी एकेकाले.”

होल्स्टर काट्यावर ठेवलं. अजूनही एक किलो एकशे ऐंशी. पावतीवर तीनशे वीस. काय सांगावं, या विचारात मी होते, तोवर त्यांनी ते उचललं.

“किती हलकं झालं वो!”

त्यांच्या हातात ते चपटं होतं.

ताठ मानेनं त्या पायऱ्या उतरल्या. मी काटा बंद करायला वळले.

काट्यावर काही नव्हतं. आकडा होता आठशे साठ.