बेल वाजली की आत पळणारी

आधीच सांगते, या गोष्टीत रात्र नाही.

अंधार नाही, वाऱ्यानं विझणारा दिवा नाही. जे घडलं ते भर दुपारी, सरहद्दीवरच्या एल पासो शहरात, जून महिन्यातल्या उन्हात. आणि जे घडलं ते खरं आहे. डेल्फिना ओलिवास माझ्यासोबत दातांच्या दवाखान्यात काम करते. समोरच्या टेबलावर बसून पेशंटची नावं पुकारते. तिला खोटं बोलता येत नाही.

एकदाच बोलली... आणि तिथूनच खरं बिघडलं.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिनं भाड्याचं घर शोधायला घेतलं. डोंगराच्या उतारावर एक बसकं, विटांचं घर मिळालं. पुढे ओसरी, मग लांबट बोळ, बोळाच्या टोकाला मागची खोली. त्या खोलीच्या खिडकीतून खाली नदी दिसायची, सरहद्दीचं कुंपण दिसायचं आणि पलीकडे हुआरेझ. तिचं माहेर.

घराची मालकीण लुसेरोबाई. सत्तरी ओलांडलेल्या. नाव आमच्यातलंच, नदीपलीकडचं, पण बोलायच्या इंग्रजीत. स्पॅनिश फक्त माळ्याशी.

"एकटीच राहणार ना?" त्यांनी किल्ली हातात धरूनच विचारलं.

"हो बाई. एकटीच."

"पाण्याचा खर्च मी भाड्यात धरलाय. आज तू, उद्या मावशी, परवा मावशीची पोरं... तसलं मला चालायचं नाही."

"नाही हो. माझं कोण आहे इथं?"

किल्ली मिळाली.

पुढच्या रविवारी पूल ओलांडून तिची आई आली. एउस्तोलिया तिचं नाव. पलीकडे भावजयीशी बिनसलं होतं. आईकडे येण्याजाण्याचा परवाना होता, इथं राहण्याचा नव्हता. "चार दिवस राहते पोरी, मग बघू," असं म्हणत तिनं बोचकं मागच्या खोलीत ठेवलं. चार दिवस झाले, पण दोघींपैकी कुणीही विषय काढला नाही.

आईच्या दोन वेण्या, खिशांचा एप्रन, पायात पुरुषी सपाता, चालताना एका पायावर जराशी लंगड. डेल्फिनाचा तिच्यावर फार जीव. पण बाजारात गेल्या की डेल्फिना नकळत दोन पावलं पुढे चालायची. हे तिनं मला खूप नंतर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

सुट्टीचा दिवस होता. दुपार. छतावरच्या कूलरची घरघर चालू होती. आई ओट्यापाशी तोर्तियाच्या पोळ्यांचं पीठ मळत होती, डेल्फिना खुर्चीत बसून नखं कापत होती.

बेल वाजली.

आणि बोळातून कुणीतरी पळालं...

अनवाणी पावलं. हलकी, भराभर. मागच्या खोलीकडे गेली. मग भिंतीतल्या कपाटाचं दार सरकलं... आणि बंद झालं.

डेल्फिनाला वाटलं, आई.

पण आई समोर होती. तिचे हात पिठात होते.

दारात पार्सलवाला होता. डेल्फिनानं सही केली, दार लावलं आणि तडक मागच्या खोलीत गेली. कपाट उघडलं. आत आईचे दोन झगे, खाली बोचकं. बाकी काही नाही.

फक्त आतली हवा ऊबदार होती. कुणी खूप वेळ श्वास घेत बसून नुकतंच उठावं, तशी.

"उंदीर असेल," ती परत येऊन म्हणाली.

आईनं पिठाचा गोळा उलटा केला. "उंदराला बेल कळते होय?"

त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. टपालवाली आली, शेजारीण लिंबं द्यायला आली, धर्मप्रचारवाले आले. बेल वाजायची... पावलं पळायची... कपाट बंद व्हायचं. एरवी घर अगदी शांत. बेल नसेल तर काही नाही.

डेल्फिनाच्या अंगावर काटा यायचा. आईचं मात्र वेगळंच.

"घाबरते बिचारी," ती म्हणायची.

"कोण आई? कोण घाबरतं?"

"जी आत जाते ती."

"तू बघितलंस तिला?"

"बघायला कशाला पाहिजे? पावलं ऐकली की कळत नाही? अशी पावलं कुणाची असतात ते मला ठाऊक आहे." मग कपाटाचं दार हातभर उघडं ठेवून ती म्हणाली, "एवढं राहू दे. जरा हवा जाऊ दे आत."

डेल्फिनानं ठरवलं, घर बदलायचं. पण एवढ्या भाड्यात दुसरं मिळत नव्हतं. आणि नवीन मालकानं पुन्हा तोच प्रश्न विचारला असता... एकटीच ना?

मग एक दिवस लुसेरोबाई आल्या. न सांगता. बेल वाजवली आणि लगेच आपल्या किल्लीनं दार उघडलं.

आई तेव्हा पुढच्याच खोलीत होती. गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती. पळायला वेळच नव्हता.

ती पळाली नाही. पण बोळातली पावलं पळाली.

लुसेरोबाई दारातच थबकल्या. त्यांची नजर बोळाकडे गेली. कुणी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "पाइपचा आवाज आहे तो. जुने पाइप आहेत."

पाइप अनवाणी पळत नाहीत, हे डेल्फिनाच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात बाईंनी फरशीकडे बोट केलं.

"आणि ही कोण?"

आईनं मान वर केली. हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. तिला इंग्रजी बोलता यायचं नाही, पण समजायचं बरंच.

"साफसफाईला येते," डेल्फिना म्हणाली.

ते शब्द इतके सहज आले, की तिचं तिलाच कळलं नाही.

आईनं एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग खाली मान घालून पुन्हा फरशी पुसायला लागली. जास्त जोरात.

लुसेरोबाई तिच्याजवळ गेल्या आणि माळ्याशी बोलायच्या त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "काम स्वच्छ दिसतंय तुझं. माझ्याकडे येशील का गुरुवारी?"

आता आई बोलेल, असं डेल्फिनाला वाटलं. हसेल आणि म्हणेल, अहो, ही माझी पोर आहे, थट्टा करतेय तुमची.

"येईन बाई," आई म्हणाली.

बाई गेल्या. डेल्फिना दाराला टेकून उभी राहिली.

"आई, मी... मला दुसरं काही सुचलंच नाही."

"बरोबर आहे तुझं. घर गेलं असतं."

"तू गुरुवारी जाऊ नकोस. आजारी आहे म्हणून सांगते मी."

"आणि तिला संशय आला म्हणजे? जाऊ दे. भांडी घासायला मला काय लाज?"

लाज तिला नव्हतीच. लाज ज्या व्यक्तीला वाटायला हवी होती, ती दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दवाखान्यात आली आणि दिवसभर लोकांची नावं पुकारत बसली.

आई गुरुवारी गेली. पुढच्याही गुरुवारी गेली. डेल्फिनानं अडवलं नाही. एकदा आई परत आली ती हातात निळा झगा घेऊन.

"बाईनं दिला. तिला घट्ट होतो म्हणे. तुझ्या मापाचा आहे बघ."

डेल्फिनानं तो झगा घातला नाही. टाकलाही नाही.

पण आई बदलत चालली होती. जेवताना टेबलाशी बसेना, ओट्यापाशी उभ्यानंच खायची. "बस ना गं," म्हटलं तर "माझं झालंच," म्हणायची. सपाता घालणं सोडलं. घरात अनवाणी फिरायला लागली... आणि तिची पावलं वाजेनाशी झाली. डेल्फिना मागे वळायची, तर आई पाठीशी उभी. कधी आली, कळायचं नाही.

एकदा डेल्फिना मागच्या खोलीच्या दाराबाहेर थांबली. आत आई कुणाशीतरी कुजबुजत होती. मधेच थांबायची, ऐकल्यासारखं करायची, मग "हो ना, हो ना" म्हणायची.

डेल्फिना आत गेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मग तो दिवस आला.

दवाखान्यातली वीज गेली म्हणून डॉक्टरांनी आम्हाला दुपारीच घरी सोडलं. घरापाशी पोचल्यावर डेल्फिनाच्या लक्षात आलं, किल्ली टेबलाच्या खणात राहिली. तिनं स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

आतून पावलं पळाली...

ती ऐकत राहिली.

या वेळी पावलं दोघींची होती.

एक हलकी, भरभर. आणि तिच्या मागोमाग दुसरी. जड, एका पायावर थोडी लंगडणारी. ती चाल डेल्फिना लहानपणापासून ओळखत होती.

कपाटाचं दार सरकलं. बंद झालं.

"आई! अगं मी आहे!"

फक्त छतावर कूलर घरघरत होता.

ती घराला वळसा घालून मागे गेली. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. शेगडीवर घेवड्याचं भांडं उकळत होतं, पाणी आटून करपायला लागलं होतं. तिनं गॅस बंद केला आणि बोळातून चालत निघाली.

मागच्या खोलीत ऊन भरलं होतं. लख्ख. जमिनीवरची धूळसुद्धा दिसावी इतकं.

तिनं कपाट उघडलं.

आई आत बसली होती. गुडघे छातीशी घेऊन, एका कोपऱ्याला अंग चोरून. कपाट रुंद होतं. ऐसपैस बसता आलं असतं. पण तिनं शेजारी एका माणसाची जागा सोडली होती. आणि तिचा एक हात त्या जागेत होता... मूठ अर्धवट मिटलेली. कुणाचातरी हात धरल्यासारखी.

"आई... ऊठ. चल बाहेर."

आईनं वर बघितलं. डोळ्यांत भीती होती, पण ओळख नव्हती.

"रागावू नका बाई," ती हळूच म्हणाली. "मी इथं राहत नाही. साफसफाईला येते फक्त."

डेल्फिना तिथंच खाली बसली. किती वेळ, तिला आठवत नाही. कधीतरी आई स्वतःच उठली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, घेवडा लागला वाटतं. वास येतोय." जणू काही झालंच नव्हतं.

त्याच दुपारी डेल्फिना लुसेरोबाईंच्या घरी गेली.

"बाई, तुमच्याकडे गुरुवारी येते ती माझी आई आहे. ती माझ्याकडेच राहते. मी खोटं बोलले."

लुसेरोबाईंनी चष्मा काढला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझं नाक बघ आणि तिचं नाक बघ. तू कधी सांगतेस, एवढंच बघत होते."

डेल्फिनाला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तरी तिनं विचारलं, "आणि त्या खोलीत कोण आहे?"

बाईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"माझं लहानपण त्याच घरात गेलं," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांचं स्पॅनिश माळ्याशी बोलायचं वाटलं नाही, घरातलं वाटलं. "त्या खोलीत कुणीही राहत नव्हतं. कुणी विचारलं तर आम्हाला हेच सांगायला शिकवलं होतं."

एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

डेल्फिनानं ते घर सोडलं. आई परत हुआरेझला गेली, भावजयीशी समेट करून. तब्येत ठणठणीत आहे. टेबलाशी बसून जेवते, मोठ्यानं हसते. डेल्फिना दर रविवारी पूल ओलांडून तिच्याकडे जाते. पण त्या दुपारबद्दल दोघी बोलत नाहीत.

परवा आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा डेल्फिनानं मला अचानक विचारलं, "कपाटातून माझ्याशी कोण बोललं असेल, तुला काय वाटतं? ती दुसरी... की आई?"

"ती दुसरीच," मी लगेच म्हणाले. "झपाटलं असणार तिनं तुझ्या आईला. आईला तर काही आठवतही नाही ना?"

"मी विचारलंच नाही तिला."

"का गं?"

तिनं हातातली तोर्तिया पुन्हा कागदात गुंडाळली.

"भूतच असू दे," ती म्हणाली. "आईनं सगळं समजून उमजून मला बाई म्हटलं असेल, तर..."

बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं उठून खिडकीचा पडदा ओढला आणि दुपारच्या पहिल्या पेशंटचं नाव पुकारायला निघून गेली.