चौथ्या भागातलं हसू

नॉर्मन गेल्यावर पॉलिनच्या लक्षात आलं की घरात त्याचा आवाज कुठेच नाही. फोनच्या मशीनवरचा निरोपसुद्धा तिच्याच आवाजात होता. तो म्हणायचा, "मशीनशी काय बोलायचं? ते कुठे उलट उत्तर देतंय?" दोन वर्षांत तो आवाज तिला नीट आठवेनासा झाला, आणि या गोष्टीची तिला लाज वाटू लागली.

म्हणूनच २००४च्या नोव्हेंबरात, स्टॉकपोर्टच्या दुकानात टीव्हीवरची ती जुनी विनोदी मालिका डीव्हीडीवर आलेली दिसली, तेव्हा पॉलिनने डबा उचलून थेट छातीशी धरला. मासे-चिप्सचं दुकान चालवणारे दोन मेहुणे आणि त्यांची रोजची हमरीतुमरी, एवढाच मामला. पण १९७४ साली मँचेस्टरच्या स्टुडिओत चौथा भाग चित्रित झाला तेव्हा, नुकतंच लग्न झालेले पॉलिन आणि नॉर्मन टपालाने आलेल्या फुकट पासांवर प्रेक्षकांत बसले होते, नेमके प्रेक्षकांचा हशा टिपायला टांगलेल्या मायक्रोफोनखाली. नॉर्मनचं हसू आधी नाकात अडकायचं, मग शिट्टीसारखं वर चढायचं आणि शेवटी "अरे देवा, अरे देवा" करत खाली यायचं. चित्रीकरणाआधी लोकांना हसवून तापवणाऱ्या विनोदवीराने त्यालाच गाठलं होतं: "साहेब, माणूस आहात की किटली? कुणीतरी गॅस बंद करा!"

पॉलिनने चौथा भाग लावला. दुसऱ्याच मिनिटाला नॉर्मन हसला आणि ती ढसाढसा रडली. त्या अर्ध्या तासात तो आठ वेळा हसला.

दुसऱ्या दिवशी सात वेळा.

पॉलिनने तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचनळ्या सांभाळल्या होत्या. भुताखेतांना तिच्याकडे थारा नव्हता. कुठल्या मिनिटाला तो हसतो ते तिने पाकिटाच्या पाठीवर टिपून ठेवलं, तबकडी मऊ फडक्याने पुसली, आणि शेजारच्या बेरिलच्या घरी जाऊन तिच्या यंत्रावर लावून पाहिली. सहा. विनोद तेच, हशा तेवढाच, फक्त त्यात नॉर्मनच्या जागी आणखी एक भोक.

"इतकं काय कान लावून ऐकतेस गं?" बेरिल म्हणाली. "सगळे एकदमच तर खिदळतायत."

तिने दुकानातून नवाकोरा दुसरा डबा आणला, वेष्टन फोडून लावला. पाच.

तेव्हा तिला कळलं, दर वेळी ऐकलं की एक हसू संपतं. दुसऱ्या कुणी लावलं तर काय होतं, हे तपासायचं धाडस मात्र तिला झालं नाही. तरी हाव सुटेना. नॉर्मनच्या वाढदिवसाला एक गेलं, नाताळात एक, आणि जानेवारीत, नुसताच कंटाळा आला म्हणून, आणखी एक. त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. उरलं फक्त मासा गिऱ्हाइकाच्या टोपीत पडतो तिथलं. मग तिने दोन्ही डबे कपाटात पाहुण्यांच्या टॉवेलांमागे ठेवून दिले. घरात एक हसू शिल्लक आहे, एवढ्या आधारावर तिचे दिवस बरे जाऊ लागले.

मार्चमध्ये लेक, जॅनीन, शनिवारी मुक्कामाला आली. रविवारी दोघी पबमध्ये जेवायला गेल्या. भाजलेलं मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी, पोटभर गप्पा. दोन तास सहज गेले.

"आई, टॉवेलांमागे काय लपवून ठेवतेस गं?" जॅनीन डोळे मिचकावत म्हणाली. "बाबांची मालिका ना? लावून ठेवलीय मी. घरी गेलो की चहा घेत बघू."

पॉलिनचा काटा हवेतच थांबला. "लावून म्हणजे? चालू?"

"चालू नाही गं. नुसतं ते पहिलं पान, कुठला भाग बघायचा विचारतं ते. मासा टोपीत पडतो ना, तेवढाच तुकडा परत परत येत राहतो."

पॉलिन उठली. कोटाची एकच बाही चढवून ती दाराकडे निघालीसुद्धा.

"आई! अगं, पुडिंग तरी खा!"

हशा घराच्या दाराबाहेरच ऐकू येत होता.

मासा पडला. लोक हसले. मधोमध भोक.

पुन्हा पडला. पुन्हा हसले.

पॉलिन कोटातच उभी राहिली. तिने ते हसू मनात आणून पाहिलं. नाकात अडकायचं, वर चढायचं, हे शब्द आठवले. आवाज आठवला नाही.

"आई, रडतेस का? काय झालं?" मागोमाग आलेली जॅनीन म्हणाली.

"तुझे बाबा होते यात."

"थांब जरा. मध्येच कुणीतरी बोलतंय." जॅनीनने आवाज वाढवला.

मासा पडला. हशा उठला, ओसरला. हशाच्या शेपटाला, अगदी मायक्रोफोनपाशी, कुणी अनोळखी पुरुष दबक्या आवाजात विचारत होता, "इथे कुणी बसलंय का हो?"

आणि चोवीस वर्षांची पॉलिन, हसून हसून धाप लागलेली, म्हणाली,

"नाही, बसा ना. मी एकटीच आलेय."