अंगठ्यापुरती जागा

ती बाबांचं बूट-दुरुस्तीचं दुकान बंद करत असताना तो दारातून वाकून आत शिरला. एवढा उंच, की वाकूनही डोकं आपटलंच!

"बुटाचा तळ सुटलाय... उद्या मॅच आहे. होईल ना?"

"बसा. डोकं चोळा आधी," ती हसू दाबत म्हणाली.

तो फास्ट बोलर. पाठीच्या दुखण्यानं वर्षभर घरी बसलेला. उद्या निवड समिती बघणार होती. जमलं तर संघात, नाही तर खेळ खलास. हे सगळं न विचारता सांगून तो गेला आणि ती उगाचच दाराकडे बघत राहिली.

तळ चिकटवला. डाव्या बुटाला पुढे हे एवढं भोक! बिचारा... तिनं जीव ओतून ठिगळ लावलं. टाका दिसेल तर शपथ!

सकाळी तो घाईघाईत बूट घेऊन गेला. तिनं कौतुकानं बाबांना सांगितलं, तर बाबांनी कपाळाला हात लावला.

"अगं, ते भोक बोलर मुद्दाम पाडतात! धावत येऊन पुढचा पाय आपटला की अंगठा बुटात चेचला जातो. नख काळंनिळं होतं, पोरी!"

कात्री उचलून ती मैदानाकडे पळत सुटली.

तो सीमारेषेवर लंगडत फिरत होता. पहिल्याच षटकात चौकारांवर चौकार खाल्ले होते.

"बूट काढ!"

"अहो, काय—"

"काढ म्हणते ना! ते भोक मी बुजवलं... चुकून."

तो बघतच राहिला. "म्हणजे... पाय गेला नाही माझा?" वर्षभर दुखण्याच्या धास्तीत जगलेला माणूस, कळ आली की शरीरालाच दोष देणार, बुटाकडे कोण बघतं! तो खो खो हसत सुटला. तिनं कचाकच टाके कापले.

पुढच्या षटकात चेंडू सुसाट आला, शेवटच्या क्षणी आत वळला, आणि मधला स्टंप कोलांट्या खात मागे! तिनं रोखलेला श्वास सोडला. डोळे मात्र भरून आले.

संध्याकाळी तो थेट दुकानात.

"घेतलं संघात! परवा निघायचंय, महिनाभराचा दौरा." मग अडखळत, "तुम्ही मला... फार आवडलात. थांबाल माझ्यासाठी?"

"नाही थांबणार."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"येणार आहे. पहिल्या मॅचला, पहिल्या रांगेत."

तो मटकन स्टुलावर बसला. "अहो, असं घाबरवतात का माणसाला!"