तीनदा कडी

दत्तोपंतांना बेळगावात उतरायचंच नव्हतं. हुबळीचं लग्न आटोपून सरळ पुणं गाठायचं ठरलं होतं, पण लतिकेनं हट्ट धरला. वय सतरा, चित्रं काढायचा भारी नाद. "बाबा, किल्ला बघू, तिथल्या बस्तीतलं, म्हणजे जैन देवळातलं, दगडी कमळ कागदावर उतरवून घेते, संध्याकाळची गाडी धरू." आईवेगळ्या लेकीपुढं बापाचं काय चालतं? शिवाय नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते कारण त्यांनी एकतीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

स्टेशनाबाहेर शामू टांगेवाला आपणहून पुढं आला. "आलासा? चला, बसा."

झालं! पंतांच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आलासा म्हणजे? हा वाट बघत होता की काय?

किल्ल्याचा खंदक शेवाळला होता. बस्तीत गारवा होता, वटवाघळांचा वास होता. लतिका चित्र काढत बसली, आणि पंत परक्या प्रवाशासारखे शामूला मुद्दाम विचारत राहिले, हे काय, ते काय.

"पैल्यांदाच आलासा व्हय?" शामूनं विचारलं.

"हो. पहिल्यांदाच."

"बरं," शामू म्हणाला. त्या 'बरं'नं पंतांचं तोंड कडू झालं.

परतताना टांगा मधेच वळला. "अहो, इकडं कुठं?"

"फुडं रस्ता उकरलाय मालक. गल्लीतनं काढतो."

उकरलेला रस्ता पंतांना कुठं दिसला नाही. गल्ली मात्र दिसताक्षणी ओळखू आली. घोड्याला पाणी पाजायला शामू विहिरीपाशी थांबला, आणि समोरच ते कुलूप घातलेलं घर होतं. त्यांचं.

प्लेगाच्या साली घरात उंदीर मरून पडला की लोक कुलूप घालून माळावर झोपड्यांत राहायला जात. आजारी माणूस सापडला तर तपासणीवाले त्याला उचलून नेत, आणि नेलेलं माणूस क्वचितच परत येई. म्हणून लोक आजाऱ्याला आतच लपवत आणि बाहेरून कुलूप घालत. घर रिकामं दिसलं की तपासणी पुढं सरके. पंतांनीही तेच केलं होतं. बहीण कल्याणी, बारा वर्षांची, त्यांना अण्णा म्हणायची. डाव्या काखेत गाठ, म्हणून तो हात अंगापासून लांब धरून बसलेली. "दूध घेऊन येतो. मी तीनदा कडी वाजवीन. तोवर हूं की चूं करायचं नाही." पोर मानेनंच हो म्हणाली. आणि हा शूर गडी जो निघाला तो थेट पुण्याच्या गाडीत! तिथं सांगितलं, बहीण इस्पितळात वारली. लतिकेला तर आपल्याला आत्या होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं. कळलं तर पोरगी आपलं तोंड बघणार नाही, ही एकच धास्ती पंतांना जन्मभर होती.

विहिरीवर म्हातारी गुणाबाई घागर भरत होती. लतिकेनं विचारलं, "आजी, कुणाचं हो हे घर?"

"भाऊ-भन ऱ्हात व्हती म्हणं. पिलेगात भाऊ पळाला. मागनं लोकांनी दार फोडलं, तर आत नुसतं आंथरूण. पोर न्हाय का तिचं हाडूक न्हाय."

"मग कुलूप कशाला?"

गुणाबाईनं घागर कडेवर घेतली आणि पंतांकडं बघितलं. "उघडं ठेवलं तर दार आतनं लागतंय, बाई…"

पंतांनी मान फिरवली. सापडली नाही! म्हणजे कुणीतरी नेली असेल, जगलीही असेल. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला.

"बाबा, गंमत बघा! कुलूप सगळं गंजलंय, पण वरची कडी कशी रोज घासल्यासारखी लखलखतेय."

ते हात पुढं करेपर्यंत लतिकेनं कडी वाजवली होती. एक… दोन… तीन.

आत गोधडी सरकली. मग दारापलीकडून, खालून, कमरेच्या उंचीवरून आवाज आला.

"अण्णा… आता बोलू?"

नुसतं हो म्हणायचं होतं हो! पण लेक टक लावून बघत होती. "गप्प!" पंत ओरडले. "एक अक्षर बोलायचं नाही!"

आतला आवाज थांबला. लतिकाही गप्प झाली.

शामूनं त्यांना स्टेशनावर सोडलं. मिरज मागं पडलं तेव्हा डब्यात दोघंच उरले होते. चित्रांची वही तशीच मिटलेली होती.

"लते, बोल की गं. तुला नव्हतो मी ओरडलो."

तिनं नुसती मान हलवली. पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती, आणि डावा हात अंगापासून जरा लांब धरला होता. किती तरी वेळ पंत त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी बाकाच्या लाकडावर टकटक केलं. एक… दोन… तीन.

लतिकेनं कोरडे ओठ उघडले.

"अण्णा," ती म्हणाली, "दूध आणलंस?"