कापड गल्लीची चावी

"मोबाइल ठेव खाली, प्रितम," हसनाबादच्या घराच्या ओट्यावर अंधारात बसलेले अण्णासाहेब पुतण्याला म्हणाले. "हे माह्या दोस्तासोबत घडलेलं हाये, अंबडच्या राजानंद गुरुजीसोबत. खोटं वाटलं तर उठून जा." आणि ते सांगू लागले.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी गुरुजी डायरी काखेत मारून सगुणाबाईकडे निघाले; आगीच्या रात्रीचं लिहिलेलं वाचून दाखवा, असा तिचा निरोप होता. आदल्या वर्षीच्या पाडव्याच्या रात्री कापड गल्ली जळाली होती. राधेश्यामच्या दुकानाचा राखणदार, सगुणाबाईचा नवरा धर्मराज, आतच जळून गेला. त्या दुकानाची रीतच तशी होती. राखणदारानेच माल विकू नये म्हणून मालक त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा आणि चावी समोरच राहणाऱ्या गुरुजींच्या दारातल्या खिळ्याला अडकवून जायचा.

त्या रात्री गुरुजी गच्चीवर बसून आग लिहून काढत होते. गल्ली जळतेय आणि हा बाबा शाई वाळवतोय! कुठलं दुकान कधी पेटलं, सगळं बरोबर टिपलेलं. शटरवरचे ठोके ऐकू आले, तर लिहिलं, 'पत्रे तडकत आहेत.' चावी आठवली तेव्हा उजाडलं होतं. ती त्यांनी विहिरीत टाकली आणि डायरीत एक ओळ वाढवली. राधेश्यामनेही तोंड उघडलं नाही. माणूस कोंडत होतो, हे कोण कबूल करणार?

"लोकं म्हंत्यात, आमच्या धन्यानंच बिडीनं आग लावली," सगुणाबाई म्हणाली. "पण कुलूप बाहेरून होतं ना, गुरुजी? चावी कोणापाशी होती, तेवढं वाचा."

गुरुजींनी वाचलं, "चावी माझ्याकडे नव्हती."

तिनं हात जोडले. "तुमचं लिहिलेलं खोटं न्हाई व्हायचं."

त्या जोडलेल्या हातांची गुरुजींना लाज वाटली. घरी येऊन त्यांनी भरलं ताट बाजूला सारलं. डायरी उशाशी ठेवून ते आडवे झाले.

मध्यरात्री आवाज आला.

ठक... ठक...

"पत्रे असतील," ते पुटपुटले. पण समोर पत्रे कुठले? दुकान केव्हाच पाडलं होतं.

ठक...

आता त्यांच्याच दारावर. आतून.

"गुरुजी... जल्दी..."

गुरुजींनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"चावी... तुमच्यापाशी..."

"होती!" गुरुजी ओरडले. "माह्यापाशीच होती, धर्मराजा!"

...

अण्णासाहेब थांबले.

"मंग?" प्रितमशेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीनं, ज्योत्स्नानं हळूच विचारलं.

"मंग काय... उजाडताच सगुणाबाईच्या दारात जाऊन त्यानं सगळं सांगितलं. तिनं डायरी घेतली, उघडली. म्या बी पाह्यली, तिच्यापाशीच हाये. बाकी पानं धड. फक्त त्या एका ओळीवर कागद आरपार जळालेला... चावीच्या आकाराचा."