अकरा मीटरची खूण

धावत्या सायकलीचा असा कोणता भाग असतो, जो त्या क्षणी जमिनीवर जराही सरकत नसतो?

गोगलने हा प्रश्न विचारला तेव्हा बारा वर्षांची इरावती सातवळणी वाटेच्या पाचव्या वळणावर, एका जांभ्या दगडावर बसली होती. एरवी ती कोड्यांमागे हात धुऊन लागे. आज तिला कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं.

गोगल म्हणजे डोंगरवाटांची पाहणी करणारा यंत्रमानव. सहा पाय, पोटाखाली तीन कॅमेरे आणि चाल इतकी संथ, की मुलांनी गोगलगायीवरून त्याचं हे नाव पाडलं होतं. वाट कुठे झिजली, पाणी कुठून वाहतं, हे वीत वीत मोजत तो चढे आणि वाटसमितीला कळवी. आज तो कशासाठी आलाय, हे इरावतीला पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी याच वळणावरून चौगुले आजोबा सायकलसकट पंधरा फूट खाली घसरले होते. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. आणि त्यांच्यासमोर त्या वेळी फक्त इरावती होती.

सातवळणी वाट इरावतीच्या आईने, वैजयंतीबाईंनी, गावातल्या तीसेक माणसांना घेऊन दोन हिवाळे खपून बांधली होती. खाली गाव आणि वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. मध्ये जेमतेम दोन हात रुंदीची माती. पहिली दहा वर्षं त्या वाटेवर पायाने मारायच्या डोंगरी सायकलीच तेवढ्या चढल्या. मग ई-सायकली आल्या. त्यांची छोटी मोटर पेडलला जोर देई, त्यामुळे गुडघे दुखणारी, दम लागणारी माणसंही सड्यावर पोचू लागली.

तिथूनच भांडण लागलं. डोंगरी सायकलवाले म्हणत, ही माणसं घाम न गाळता वर येतात, घंटी न वाजवता मागून अंगावर येतात, वाटेची वाट लावतात. ई-सायकलवाले म्हणत, वाट काय तुमच्या नावावर करून दिलीय का? कोणीतरी ‘मोटरवाल्यांनी खालीच थांबावे’ अशी पाटी लावली. कोणीतरी ती उपटून ओढ्यात टाकली. एका सकाळी चढावर बाभळीचे काटे पसरलेले सापडले.

वाटेचा नियम मात्र सुरुवातीपासून एकच होता. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. इरावतीच्या सायकल मंडळातल्या पोरांनी त्याला परस्पर पुरवणी जोडली होती. चढणाऱ्याकडे मोटर असेल तर त्याला थांबून पुन्हा निघायला काही कष्ट पडत नाहीत, म्हणून त्यानेच थांबावं. इरावतीला हे अगदी न्याय्य वाटलं होतं.

अपघातानंतर आई धापा टाकत वर आली, तेव्हा इरावती म्हणाली होती की आजोबा मोटरच्या जोरावर भरधाव वर आले, मला थांबायला जागाच उरली नाही. गावाने ते लगेच मानलं. अर्ध्या गावाला तेच ऐकायचं होतं. आजोबा तेव्हा बेशुद्ध होते.

“सायकलचं सीट,” ती आता गोगलला कसंबसं म्हणाली.

“सीट सायकलबरोबर पुढे जातं,” गोगल म्हणाला. “ये, दाखवतो.”

वळणावरची माती सकाळच्या धुक्याने ओलसर होती. गोगलने एक पाय उचलून पोटाखालचं मोजमापाचं चाक मातीवर टेकवलं आणि हळूच पुढे नेलं. मागे चाकावरच्या नक्षीचा ठसा उमटत गेला. त्यातली एकेक रेघ नीट मोजता येत होती.

त्याने समजावलं, की फिरणाऱ्या चाकाचा वरचा भाग पुढे धावतो, पण जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी मातीवर नुसता ठेवला जातो आणि लगेच उचलला जातो. आपण चालताना पाऊल ठेवतो आणि उचलतो, तसंच. पाऊल मातीवर सरकत नाही, म्हणून त्याचा ठसा स्वच्छ येतो. चाकाचंही तेच. कोड्याचं उत्तर म्हणजे चाकाचा जमिनीला टेकलेला भाग. सायकल कितीही वेगात असो, चाक नीट फिरत असेल तर तो भाग मातीवर सरकत नाही.

मग त्याने चाक जखडलं आणि तसंच ओढलं. या खेपेला नक्षी उमटली नाही. नुसता चर पडला आणि दोन्ही बाजूंना मोकळी माती साठली.

“याला फरफट म्हणतात. चाक फिरायचं थांबतं, पण सायकल थांबत नाही. मग रबर मातीवर घासतं. या घासण्याला जो विरोध होतो ते घर्षण (दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना होणारा अडथळा). त्यात वरची माती सुटते. पाऊस आला की पाणी याच चरातून धावतं आणि चर ओहोळ होतो. ब्रेक दाबून चाक जखडलं तरी हे होतं आणि मोटरच्या जोराने चाक जागच्या जागी फिरलं तरीही होतं. वाट झिजवते ती ही फरफट, मग चाक कुठल्याही सायकलचं असो.”

इरावतीची नजर आपोआप वळणाच्या वरच्या बाजूला गेली. तिथे मातीत एक लांबच लांब पुसट पट्टा होता.

“अकरा मीटर,” गोगल म्हणाला. “या उतारावर या मातीत मागचं चाक इतकं फरफटायचं, तर सायकलचा वेग ताशी चोवीस किलोमीटर तरी हवा. वळणावर मर्यादा बाराची आहे.”

इरावतीने बुटाच्या टोकाने पायाखालची माती उकरली.

गोगल दोन पावलं खाली सरकला. तिथे दुसऱ्या टायरचा ठसा होता, वर येणारा आणि शेवटपर्यंत स्वच्छ. नुसत्या ठशावरून त्या सायकलचा वेग सांगता येत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण ठसा संपत होता तिथे, कडेला, दोन बुटांचे खोल ठसे शेजारी शेजारी होते.

“हा माणूस उतरून उभा राहिला होता,” गोगल म्हणाला.

हो. आजोबा उभेच होते. तिला पाहून ते उतरले, सायकल कडेला घेतली आणि तिला जायला हातही केला. तिची सायकल मात्र फरफटत येऊन त्यांच्यावर आदळली. चढणाऱ्याला उतारच थांबवतो, तो हातभर जागेत थांबतो. उतरणाऱ्याला तोच उतार ढकलत असतो. म्हणून नियम तसा होता. कष्ट कोणाला पडतात याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. हे सगळं इरावतीला आता लख्ख कळलं, पण कळून काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात वाटसमितीची बैठक भरली. गोगलचा अहवाल भिंतीवर झळकला. उतरताना ब्रेकने झालेली फरफट एकशे बत्तीस ठिकाणी, चढताना मोटरच्या चाकाने झालेली सत्तेचाळीस ठिकाणी. एका बाजूने फक्त पहिला आकडा वाचला, दुसऱ्या बाजूने फक्त दुसरा. गलका वाढत गेला.

इरावती उभी राहिली. मग तिने सगळं सांगितलं, वेग, ब्रेक, आजोबांनी केलेला हात आणि त्यानंतर आपण बोललेलं खोटं. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने मान खाली घातली. इरावतीला वाटलं होतं, आता लोक गप्प होतील. झालेही, घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. मग एक ई-सायकलवाला म्हणाला, बघा, आम्ही सांगत नव्हतो? एक डोंगरी सायकलवाला म्हणाला, लेकराचं काय घेऊन बसलात, ते सत्तेचाळीस कोणाचे? तिचा कबुलीजबाबसुद्धा त्यांनी भांडणासाठी वापरून टाकला.

शेवटी समितीच्या अध्यक्ष म्हणून वैजयंतीबाई उठल्या. वळणांवर दगडावर चार बोटं माती उरली आहे, त्या म्हणाल्या. तेवढी तयार व्हायला शेकडो वर्षं लागली. असंच चाललं तर दोन पावसाळ्यांत तीही जाईल. वाट सहा वर्षं सगळ्यांना बंद. मला, माझ्या मुलीलासुद्धा. एवढं बोलून त्यांनी आपलीच वाट बंद करणाऱ्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी इरावती चौगुले आजोबांच्या घरी गेली. आजोबा निवृत्त चित्रकला शिक्षक होते. एक फुप्फुस निकामी झाल्यापासून त्यांना सड्यावर चढता येत नव्हतं. ई-सायकल आल्यावर ते अकरा वर्षांत पहिल्यांदा वर गेले आणि तिथल्या इवल्या फुलांची चित्रं काढू लागले. खाटेशेजारी वही पडली होती. तिच्यात नऊ चित्रं होती. दहावं पेन्सिलीतच राहिलं होतं.

तिने माफी मागितली. आजोबांनी नजर छताकडे वळवली.

“मला राग आहे तुझा,” ते म्हणाले. “तो एवढ्यात जाईल असं मला वाटत नाही.”

“हो,” ती म्हणाली.

“पडलो त्याचा नाही गं. पडतात माणसं. चार दिवस गाव मला बेफाम म्हातारा म्हणत होतं, आणि तू ते ऐकत होतीस.”

मग त्यांनीच विचारलं की गोगलने नेमकं काय दाखवलं. तिने अडखळत, बोटाने चादरीवर चाक काढत सांगितलं. टेकलेला भाग सरकत नाही, हे त्यांना आधी पटेना. तिने पुन्हा सांगितलं, पावलाचं उदाहरण देऊन. त्यांनी दोनदा मान हलवली. वही मात्र त्यांनी उशीखाली सरकवली आणि तिला जायला सांगितलं.

पुढच्या रविवारी वैजयंतीबाईंनी पहिल्या वळणावर लोकांना मदतीला बोलावलं होतं. माती धरून ठेवायला काथ्याच्या चटया अंथरायच्या होत्या. वाटेवर सायकल घालणारी माणसं गावात ऐंशी होती. आली सहा. सायकल मंडळातलं कोणीच आलं नाही. इरावतीला वाटलं, घरी जावं आणि पुन्हा डोंगराकडे बघूच नये.

सहांत शमीम तांबोळी होत्या, ई-सायकलवाल्यांतल्या सर्वांत तिखट बाई. त्यांनी इरावतीकडे बघितलंही नाही. पण चटई जड होती आणि तिला दोन टोकं होती. एक शमीमबाईंनी धरलं. दुसरं धरायला जवळ इरावतीखेरीज कोणी नव्हतं.

गोगल खालून मोजत आला. चटया टिकल्या तर पुढच्या पावसाळ्यात या वळणावरची माती निम्मीच वाहून जाईल, असा त्याचा हिशेब होता. निम्मी म्हणजे काही थांबली नव्हे, असं इरावती पुटपुटली. गोगल म्हणाला, की त्याच्या पुढच्या वर्षी गवताची मुळं धरली तर आणखी कमी जाईल. मुळं धरतील की नाही, हे आज सांगता येत नाही.

“तुझी बाजू जरा खाली घे,” शमीमबाई म्हणाल्या. आजोबांच्या घरून आल्यापासून बाहेरचं कोणी माणूस तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

इरावतीने चटई खाली घेतली, खुंटी रोवली आणि दगडाने ठोकू लागली. सातही वळणांवर मिळून अशा साठ चटया अंथरायच्या होत्या. ही पहिली होती.